वेचलेलं बोंड

अमेरिकेतल्या डब्लिनला लेकीच्या वर्गात आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शिकवायला म्युझियम वस्तूंची पेटी उसनी द्यायचं. ती घ्यायला मी गेले. पेटी देणाऱ्या कृष्णवर्णीय आजी प्रत्येक वस्तू आधी हाताळायला लावत.

“गुलाम हेच वेचायचे. जपून, टोचतं,” म्हणत त्यांनी कापसाचं बोंड दिलं. माझ्या यवतमाळच्या बोटांनी सवयीने त्यातला सगळा कापूस झटक्यात वेचून काढला!

आता कसली पेटी मिळतेय?

आजी टेबल बडवत हसल्या. “माझी आई अस्संच वेचायची! तू कुठे शिकलीस?”

“आईबरोबर, शेतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी!”

“मीपण!”

मग आम्ही दोघी ग्रॅज्युएट कापूस परत बोंडात कोंबत बसलो. तो बसेना, हसू आवरेना.

पेटी देताना त्यांनी दटावलं, “हनी, हे वेचताना पोरांना टोचायला हवं. तू हात लावायचा नाहीस!”