डुरकणारी घोणस

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. केलंत? तरी हसणारच तुम्ही, मला माहीत आहे, कारण आमच्या घरात अजून सगळे हसतात. पण त्या दिवशी किकवीच्या डोंगरावर कुणीही हसत नव्हतं, आणि जो काही गोंधळ झाला तो माझ्या एका शब्दामुळे झाला. खरं तर अर्ध्या शब्दामुळे. उरलेला अर्धा कुणाला ऐकूच गेला नाही.

माझा आवाज हा आमच्याकडचा जुना विषय आहे. वर्गात मी 'हजर' म्हणते ते माझ्या बाकावरच्या मुलीला कळतं, बाईंना कळत नाही. त्यामुळे रोज शाळेत जाऊनही मी बऱ्याचदा गैरहजर असते. बोलायच्या आधी मला वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. मग मी नुसती बघत बसते.

बघण्यात मात्र मी पक्की. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सापांचा एक रंगीत तक्ता लावलाय. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली मैदानावर असतात आणि मी त्या तक्त्यासमोर. कुठला साप विषारी, कुठला बिनविषारी, कुणाची शेपटी कशी, सगळं मला डोळे मिटून सांगता येतं. म्हणजे, कुणी ऐकलं असतं तर सांगता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी भोरहून मामाकडे किकवीला गेले होते. मामाच्या शेतामागच्या डोंगरावर देवीचं लहानसं ठाणं आहे, आणि दिवाळी झाली की तिथे नारळ फोडायचा मामीचा नेम आहे. आम्ही चौघं निघालो. मामा, मामी, त्यांचा मुलगा सुजितदादा आणि मी. सुजितदादा भाजीचा टेम्पो चालवतो. आणि मामीबद्दल एवढंच सांगते की ती गोठ्यात म्हशीशी हळू बोलली तरी हायवेवरच्या टपरीत ऐकू येतं.

नारळ फोडला, मामीनं मामाच्या फोनवर सगळ्यांचा सेल्फी काढला, फोन माझ्याकडे दिला आणि आम्ही उतरायला लागलो. निम्म्या वाटेवर एक जुना दगडी बांध लागतो. मामीला दम लागला होता. "थांबा रं वाईच," असं म्हणून ती बांधावर टेकली आणि आधाराला तिनं हात मागे नेला.

मागे वाळलेलं गवत होतं. त्या गवतात मला काहीतरी तपकिरी दिसलं, ठिपके असलेलं. गवताला ठिपके नसतात.

मी लगेच वाक्य जुळवायला घेतलं. 'मामी, तिथे हात ठेवू नका.' पण नका की नकोस? आई म्हणते मामीला अहोजाहो कर. मामी म्हणते मला अगं म्हण. मी नेहमी असं वाक्य शोधते की ज्यात दोन्ही टाळता येतं. तसं वाक्य शोधत होते, तेवढ्यात मामी किंचाळली.

तिनं हात झटकला. बोटातून रक्त येत होतं. गवतातून एक जाडजूड साप निघाला आणि दगडांच्या फटीकडे सरकायला लागला. मामानं काठी उचलली, पण सुजितदादानं त्याला धरून ठेवलं. मी काय केलं? मी अगदी शहाण्यासारखं वागले. चार पावलं मागे सरले, फोन वर केला आणि एक फोटो काढला. साप फटीत गेला.

"कुठलं जनावर हुतं?" मामानं मला विचारलं, कारण नीट पाहिलं होतं ते मीच.

मला तक्ता आठवला. घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्या ओळीनं मांडल्यासारखे ठिपके असतात, डोकं तिकोनी आणि मानेपासून वेगळं. याचे ठिपके वेडेवाकडे होते, चहा सांडून पसरावा तसे. मान दिसतच नव्हती. शेपटी तर कुणी तोडल्यासारखी आखूड. म्हणजे ही घोणस नव्हती. घोणशीसारखा दिसणारा तो दुसराच साप, ज्याला विषच नसतं. त्याचं नाव डुरक्या घोणस.

"डुरक्या घोणस," मी म्हणाले.

तिघांनाही फक्त 'घोणस' ऐकू आलं.

मामी बसल्या जागी पांढरी पडली. मी घाईघाईनं म्हणाले, "नुसती घोणस नाही. डुरक्या. डुरक्या."

या वेळी मामाला 'डुरक्या' ऐकू आलं. आता, आमच्याकडे डुरकतो कोण? बैल. माजलेला बैल शिंगं खाली घालून डुरकतो. आणि घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, हे गावात लहान पोरालाही माहीत असतं. मामानं दोन्हींचा मेळ घातला.

"डुरकत हुती?" तो सुजितदादाकडे वळला. "सुजित, डुरकत हुती म्हनं ती. लई जुनी घोणस आसनार."

मी शेवटचा प्रयत्न केला. "बिनविषारी," मी म्हणाले. त्यातलं 'बिन' माझ्या घशात राहिलं आणि 'विषारी' मामाच्या कानात गेलं.

डोंगराच्या त्या अंगाला रेंज नाही. सुजितदादा टेम्पो आणायला उतारावरून पळत सुटला. मामानं खांद्यावरचा गमछा काढला आणि मामीच्या मनगटावर करकचून आवळायला घेतला. घट्ट बांधायचं नाही, रक्त अडतं आणि हात कामातून जातो, हे तक्त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंय. पण तक्ता वाचून दाखवायला आवाज कुठून आणू? मी गमछ्याचं दुसरं टोक धरलं आणि सोडलंच नाही.

"सोड गं," मामा म्हणाला.

मी मान हलवली. मला कधी कशाला असं धरून बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. तो थांबला. मग त्याच गमछ्याची सैल झोळी करून आम्ही हात गळ्यात अडकवला. मी मामीची अंगठी दाखवली, मग बांगड्या दाखवल्या आणि सूज आल्यावर मनगट कसं होईल ते हातांनी करून दाखवलं. अंगठी मामीनं ओढून काढली. बांगड्यांना मात्र ती हात लावू देईना.

"दिवाळीला भरल्यात. कुंकवाचं लेणं हाय, मी न्हाई काडनार," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बांगड्यांवरचा हात निघत नव्हता.

मामा तिच्यासमोर उकिडवा बसला. "ज्याच्या नावाचं लेणं, त्यो हितं तुज्यासमोर जिता बसलाय न्हवं? त्योच सांगतोय. काड."

मामीनं त्याच्याकडे पाहिलं. मग एकेक बांगडी उतरवून माझ्या हातात दिली. एकही वाढवली नाही. दुसऱ्या हातातल्या राहू दे, अशी मी खूण केली, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

पळायचं नाही, चालायचंही नाही, म्हणून मामानं तिला पाठीवर घेतलं. मामी काही चिपाड नाही. उतार निसरडा. पाठीवरूनही ती वाट दाखवत होती, डावीकडनं घ्या, उजवीकडं निवडुंग हाय. मध्येच तिला मरण आठवायचं. मग म्हैस कुणी पिळायची ते सांगून झालं, लोणच्याची बरणी कुठे आहे ते सांगून झालं. शेवटी ती म्हणाली, "मी गेल्याव दुसरी करू नगा."

"आगं, तुला हितनं खाली न्हेईस्तवर मीच जातोय," मामा धापा टाकत म्हणाला.

मी मागून तिच्या बोटावर नजर ठेवून चालत होते. दोन दातांचे दोन खड्डे नव्हते. बारीक बारीक टिंबांची कमान होती. सूज नव्हती. मग मी ओरडून का सांगितलं नाही? कारण तक्त्याखाली आणखी एक ओळ आहे. साप कुठलाही वाटो, चावला की दवाखान्यात जायचं. दवाखान्यात तर आपण चाललोच आहोत, मी मनाशी म्हणाले. माझ्या गप्प राहण्यानं बिघडतंय काय? बिघडत होतं ते मामीचं. ती पाठीवर बसून दर दहा पावलांनी मरत होती.

शेताच्या वाटेवर टेम्पो उभा होता आणि भोवती माणसं जमली होती. सुजितदादानं एकालाच सांगितलं होतं, पण आम्ही पोचेपर्यंत घोणस बैलासारखी डुरकत मामीच्या अंगावर चालून आली होती. कुणी म्हणालं, आधी मंतरून घ्या. मामानं त्याला कोपरानं बाजूला सारलं. मामीला पुढे केबिनमध्ये चढवलं, मी आणि मामा तिच्याशेजारी दाटीनं बसलो आणि टेम्पो हायवेला लागला.

रेंज आली तशी सुजितदादानं त्याच्या ओळखीच्या एका सर्पमित्राचा नंबर मामाला लावायला सांगितला. मामानं फोन स्पीकरवर ठेवून सगळी कहाणी सांगितली, डुरकण्यासकट.

पलीकडच्या माणसानं त्याला मध्येच तोडलं. "डुरक्या घोणस म्हणाली का ती मुलगी? अहो, ते नाव आहे सापाचं. बिनविषारी असतो तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मुग्दे, तू मगापास्नं ह्येच सांगत हुतीस व्हय?" मामीनं विचारलं.

मी मान डोलावली. मामी रडता रडता हसायला लागली. बांगड्या परत मागून तिनं सुजितदादाला हुकूम सोडला, "फिरव टेम्पो. घरी भात टाकायचाय." कापूरहोळचा फाटा आला होता. तिथून भोरच्या दवाखान्याकडे वळायचं. सुजितदादानं टेम्पो कडेला घेतला.

"फोटो असला तर पाठवा आधी," फोनमधून आवाज आला. "तोवर कुठं थांबू नका."

"हाय की फोटू. हिनं काडलाय," मामा कौतुकानं म्हणाला आणि फोन माझ्याकडे दिला.

मी फोटो उघडला.

फोटोत मी होते. डोळे बटाट्याएवढे, तोंड उघडं, मागे आभाळ. देवीपाशी सेल्फी काढल्यावर कॅमेरा तसाच उलटा राहिला होता. साप कुठेच नव्हता.

म्हणजे आता पुरावा काय, तर फक्त माझे डोळे. शेपटी आखूड होती, की उरलेली शेपटी दगडाखाली गेली होती? ठिपके वेडेवाकडे होते, की गवताच्या सावल्या पडल्या होत्या? मी मामीचं बोट पाहिलं. थोडं फुगल्यासारखं दिसत होतं. अंगठी ओढून काढल्यामुळे असेल. असेल ना?

"डुरक्याच हुती न्हवं? बोल बाय," मामा म्हणाला. टेम्पोचं इंजिन सुरू होतं आणि सुजितदादाचा हात गिअरवर होता. मी हो म्हणाले असते तर आम्ही घरी गेलो असतो. आणि माझं चुकलं असतं तर?

जन्मात पहिल्यांदा मला वाक्य जुळवावं लागलं नाही.

"मला माहीत नाही! दवाखान्यात चला!"

सुजितदादा असा दचकला की टेम्पो आपोआप भोरकडे वळला. मग मामी हळूच म्हणाली, "बाई गं. हिला आवाज हाय."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सापाचं नावबिव काही विचारलं नाही. हात पाहिला, थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं हिला कुणी धक्का लावायचा नाही, त्या म्हणाल्या. रक्त साकळलं तर चांगलं. पातळच राहिलं तर घोणशीचं विष समजायचं, लगेच इंजेक्शन सुरू.

आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. मामीनं माझा हात धरला होता. थोड्या वेळानं ती काहीतरी पुटपुटली. इतकं हळू की मलाच 'काय?' म्हणावं लागलं.

"शेपटी कशी हुती गं?" तिनं परत विचारलं.

मी तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. सांडलेला चहा, नसलेली मान, तुटकी शेपटी. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तीच आसनार," ती म्हणाली. "तू उगा बोलत न्हाईस." पण तिच्या हाताला सुटलेला घाम मला जाणवत होता.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी नळी उचलली आणि सावकाश उलटी केली. रक्त हललं नाही.

"साकळलंय," त्या म्हणाल्या. तरी उद्यापर्यंत इथेच ठेवू, रक्त परत बघू, आणि घरी न जाता इकडे आणलंत ते बरं केलंत. मामा भिंतीला टेकून खाली बसला. सुजितदादानं डोळे पुसले. आणि मी उलट्या नळीतल्या त्या घट्ट काळपट गोळ्याकडे बघत राहिले. सकाळपासून पोटात फक्त खोबऱ्याचा एक तुकडा होता. त्यानंतर मला आठवतो तो छताचा पंखा.

संध्याकाळी किकवीहून भावकीतली माणसं बघायला आली. दोन खाटा शेजारी शेजारी. एकीवर मामी मांडी घालून, त्याच चावलेल्या हातानं मोसंबी सोलत बसली होती. दुसरीवर मी, डोळे अर्धवट मिटलेले, हाताला सलाईन. माणसं सरळ माझ्या खाटेशी आली. एका आजीबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि कळवळून विचारलं, "कुठं चावली गं लेकराला?"

मला चावलेली नाही, असं मला सांगायचं होतं. मी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळायच्या आत मामी बोलली, आणि ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं.

"चावली मला. चढली हिला."