मिशी उतरवलेली राणी

धान निघालं की आमच्या गावात दंडार उभी राहायची. नाच, गाणी, पुराणातल्या गोष्टींची सोंगं, आणि सगळी कामं गावातल्या पुरुषांची, राणीचंसुद्धा. राजा मात्र कायम एकच, माझे वडील. खांद्यावर गदा, ओठावर झुपकेदार मिशी आणि पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली पोरं दचकून उठतील असं हसू. पुरुष म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर गावानं त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं. मीही दाखवलं असतं.

मग मी चंद्रपूरला कॉलेजात गेलो, कवितांच्या नादी लागलो, आणि त्या कवितांमधले वीरही आमच्या बाबांचेच भाऊबंद निघाले. घोड्यावर बसलेले, छाती काढलेले, डोळे कोरडे ठणठणीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गावी परतून अहेरीजवळच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो, तोवर मला या मंडळींचा जरा कंटाळाच आला होता. गदा उचलता येते, कबूल. पण पुढं काय?

त्या वर्षी दरसाल राणी होणारा शिंपी परगावी मुलाकडे राहायला गेला आणि दंडार बसवणाऱ्या म्हाताऱ्याची नजर माझ्यावर पडली. अंगकाठी बारीक, गळा बरा. मी तिथल्या तिथं हो म्हणालो. लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. लहानपणापासून तालमी पाहून मला एक गोष्ट कळून चुकली होती: राजाकडे गदा होती, पण कविता सगळी राणीकडे होती. राजा लढाईत पडतो तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून विलाप करते. तो विलाप म्हाताऱ्यानंच जुळवला होता आणि तसं काही मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

अडलं ते मिशीवर. आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. शिंप्याचा बाप केव्हाच गेलेला, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

“मिशीवाली राणी रडली तं लोक हासतीन,” म्हातारा म्हणाला.

“बाप जित्ता हाये आन् पोरगा मिशी काहाडतो?” बाबा म्हणाले. “काहाडलीस तं मी राजा होत नाई.”

मी काढली. बाबांनी बोलणं टाकलं आणि गदा माळ्यावर फेकली. आता राजाच नाही तर राणीनं रडायचं कोणासाठी? म्हाताऱ्यानं डोक्याला हात लावला. मी मात्र हट्टानं अहेरीच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेलो.

तिथं आत्याच्या गावचा एक माणूस भेटला. त्यानं माझा कोरा ओठ पाहिला, माझा हात दाबला, आणि मी तोंड उघडायच्या आत मान हलवत गर्दीत गेला. मला वाटलं, बांगड्या पाहून त्याला माझी कीव आली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात बैलगाडी थांबली आणि आत्या हंबरडा फोडतच उतरली.

“कसा गेला गा माहा भाऊ! मले तापात पाठीवर घेऊन दवाखान्यात धावला गा! मले सासरी धाडलं आन् गोठ्यात जाऊन रडला गा!”

ती माझ्या गळ्यात पडली होती आणि मला एक शब्द बोलू देत नव्हती. बाबा गोठ्यात रडले होते, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

तेवढ्यात शेणाची पाटी घेऊन बाबा गोठ्यातून बाहेर आले. आत्याचा हंबरडा अर्ध्यावरच तुटला. मग आवाज एकदम चढला. “जित्ता हायेस तं सांगाले काय झालं होतं?” असं म्हणत तिनं त्यांनाच झाडायला सुरुवात केली. बाबा हसले, पण ते राजाचं हसू नव्हतं. गोठा दाराला लागूनच होता. ती उतरली तेव्हापासूनचं सगळं त्यांना ऐकू आलं होतं, आणि तरी ते आत उभे राहिले होते.

संध्याकाळी ते गदा घेऊन तालमीला आले. माझ्याशी अजून बोलत नव्हतेच.

दंडारीच्या दिवशी राजा पडला. समोर अख्खं गाव, पुढच्या रांगेत आत्या. मी उशाशी बसून विलाप धरला. मेलेल्या राजानं हलायचं नसतं, आणि बाबा हललेही नाहीत. पण मधेच मला दिसलं, त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघून कानशिलावर उतरत होतं. लोकांना दिसू नये म्हणून मी गाता गाता पदर त्यांच्या तोंडावर ओढला.

पदराखालून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ते माझ्याशी बोलले.

“पदर काहाड. पाहू दे लोकाइले.”

मी पदर काढला आणि पुढचं कडवं मोकळ्या गळ्यानं म्हटलं.