डोंगर बघणारे दोन व्याही

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आडवी आली ती माझी लघवी.

त्याचं असं झालं. वय झालं, प्रोस्टेट फुगलं आणि डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायची एक गोळी दिली. ही गोष्ट बायकोखेरीज मी कुणाला कळू दिली नव्हती. मुलीच्या सासऱ्यांना तर मुळीच नाही! आमचे हे व्याही पोलादपूरच्या वरच्या वाडीतले. "आपन रानातली मान्सं. गोळी म्हंजे काय, आपल्याला म्हायतीच नाय," असं छाती काढून सांगणारे. मग मी कसा मागे राहीन? मीही छाती काढली. (होती तेवढी.)

आणि नेमके तेच ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुक्कामाला आले, महाडच्या दवाखान्यात माझ्यासोबत यायला! माझा दुसरा डोळा लहानपणापासून अधू. जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्यानं, म्हणून बायकोच्या जिवाला घोर लागलेला. मला घोर वेगळाच. डॉक्टरांनी व्याह्यांसमोर औषधं विचारली तर? खोटं बोलायला नको म्हणून मी गोळीच बंद करून टाकली. केवढी ही अक्कल!

बायको, व्याही आणि मी रिक्षानं निघालो आणि परिणाम तिथंच दिसला. पोलादपूर सुटतं न सुटतं तोच मी म्हणालो, "थांबव रे जरा. डोंगर बघून येतो." पुढच्या वळणावर पुन्हा डोंगर. मग पुन्हा! मोतीबिंदूवाला माणूस सारखा डोंगर बघायला उतरतोय, याचं कुणालाच काही वाटलं नाही. उलट व्याही दरवेळी सोबतीला उतरत होते. काय ही माणुसकी!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कुठली औषधं चालू आहेत?"

मी तोंड उघडायच्या आत व्याही गरजले, "औषधं? आमचं याही म्हंजे दगड हाय दगड!"

दगडानं मान हलवली.

डोळ्यात थेंब घातले. पुन्हा घातले. बाहुली काही मोठी होईना. बाई बॅटरी मारून बघत म्हणाल्या, "काका, खरं सांगा. लघवीची गोळी घेता का? तिच्यानं बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो, ऑपरेशन करताना मध्ये मध्ये येतो. आधी कळलं तर मी तयारी ठेवते. नाहीतर डोळ्याला धोका."

मला घाम फुटला. एकीकडे कामाचा एकुलता एक डोळा, दुसरीकडे व्याह्यांपुढची छाती!

"अवो, सांगा की!" बायको कडाडली. "आंधळं व्हायचं हाय काय?"

"घेतो," मी पुटपुटलो. "पण आता बंद केलीय."

"बंद करून पडदा घट्ट होत नाही, काका! आणि न विचारता बंद केलीत कशाला?"

व्याही खाकरले.

"म्याडम, माझापन डोळा पुढल्या महिन्यात हाय. तीच गोळी. काल मीपन नाय घेतली. यांच्या घरात, यांच्यासमोर कशी खायची?"

बाईंनी सगळी तयारी केली आणि ऑपरेशन नीट पार पडलं. परतताना पहिल्याच वळणावर रिक्षावाला आपणहून थांबला.

"काका, डोंगर आला!"

"जावा, दोगंव जावा," बायको पदरात तोंड लपवून म्हणाली.

माझा एक डोळा पट्टीखाली, दुसरा अधू. तरी व्याह्यांचा हात धरून मी उतरलो, डोंगर बघायला!