उभं राहायचे पैसे

आमच्याकडे वकिलाची फी तारखेवर ठरते. खटला कितीही वर्षं रखडू दे, वकील कोर्टात उभा राहिला की पैसे. साक्ष झाली तरी तेवढेच, नुसती पुढची तारीख पडली तरी तेवढेच. मला ही पद्धत कधीच पटली नाही, पण तिच्याशी उघड भांडायला निमित्त मिळालं ते धरमतरच्या एका मावशींमुळे.

त्यांचा मुलगा धाटावच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. माल चोरल्याचा आरोप, जामीन नाकारलेला, पोरगा तुरुंगात. आधीच्या वकिलाची फी झेपेना म्हणून त्या पेणला माझ्याकडे आल्या. पहिल्याच तारखेला रोह्याच्या कोर्टात सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार आलेला नाही, पुढची तारीख द्या. मी हरकत घ्यायला उठणार, तोच मागून मावशींनी माझा कोट ओढला.

“गो बाय, उभी नको ऱ्हाऊ. आज माज्याकडं पैसं नायत.”

मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप. मी उठलेच, तावातावाने बोलले, तरी तारीख मिळायची ती मिळालीच. पोरगा पुन्हा आत गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना सांगितलं, “मावशी, सगळ्या खटल्याचे मिळून एकदाच काय ते पैसे. जमतील तसे द्या. तारखेला एक रुपया आणायचा नाही.”

“मंग तू उठशील कशापायी?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला अजून झोंबतो.

बातमी वकिलांच्या खोलीत पोचलीच. एक ज्येष्ठ म्हणाले, “बाई, धर्मादाय दवाखाना काढलाय का? आता आमचे पक्षकार घासाघीस करायला लागतील.”

“करू देत,” मी म्हटलं. “तारीख पडली की ज्याचं मीटर फिरतं, तो तारीख मोडायला कशाला भांडेल?”

तेव्हापासून त्या खोलीत मी डबा एकटीच खाते. छान पचतो.

पुढच्या तारखेलाही साक्षीदार नव्हता. सरकारी वकिलांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी खुर्ची मागे सारेपर्यंत मागच्या बाकावर मावशी उभ्या! शिपाई खेकसला, “ओ बाई, खाली बसा. वकील आहे ना तुमची?”

“हाय. ती बी उठतेय. पन पोरगा माजा हाय. आनि मी फुकाट उभी ऱ्हाते.”

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. सरकारी वकिलांना म्हणाले, “ही शेवटची संधी. पुढच्या वेळी साक्षीदार नसेल तर तुमचा पुरावा बंद.”

शिपायाने मावशींना पुन्हा बसायची खूण केली. त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवलं.

“तो बसल तवा मी बसन.”

मग मीही बसले नाही.