हातात घेऊन तर बघा

मोबाइलच्या दुकानात फोन टिकत नाहीत, किस्से टिकतात. फोन खोक्यात घालून गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, पण तो पहिल्यांदा हातात घेतल्यावर त्याच्या तोंडून जे निघतं ते आमच्याकडेच राहतं. दुपारी गर्दी ओसरली की चहाबरोबर एकेक किस्सा बाहेर येतो, आणि एकानं सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो.

इंदिरानगरातलं आमचं दुकान तसं काही मोठं नाही. मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात. दुरुस्तीच्या टेबलावर इम्रान. आणि डेमोच्या काउंटरवर मी. डेमोचे फोन विकायचे नसतात, लोकांनी हाताळून बघायला ठेवलेले असतात. मी आधी साड्यांच्या दुकानात होते. तिथं बायका पदर चिमटीत धरून पोत बघायच्या. मला वाटलं, फोनमध्ये कोण काय चिमटीत धरणार? पण पहिल्याच आठवड्यात कळलं, की नवी वस्तू माणूस आपल्या जुन्याच सवयीनं बघतो.

*

अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारे एक गृहस्थ आले होते. शिफ्ट संपवून थेट, कंपनीच्या शर्टातच. मी फोन पुढे केला आणि माझं पाठ झालेलं सुरू केलं, कॅमेरा असा, बॅटरी अशी. ते ऐकतच नव्हते. त्यांनी आधी स्क्रीन बंद केला, फोन आडवा धरला आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायला लागले. काच संपते आणि धातू सुरू होतो ना, ती जागा. नख कुठं अडतंय का बघत होते. अडलं नाही. मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं. तरी अडलं नाही. मग ट्यूबलाइटच्या उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करून बघितलं.

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे कुणाच्या हातचं असेल हो?"

मी म्हटलं, मशीनवर होतं सगळं. ते म्हणाले, मशीनवर तर मीपण करतो, पण मशीनजवळ कुणीतरी उभं असतंच की. आणि परत नख फिरवायला लागले.

शेवटी मीच म्हटलं, काका, चालू करून दाखवते, कॅमेरा तरी बघा.

"नको," ते म्हणाले. "हा चालू नसता तरी घेतला असता."

*

आमच्या समोर रघूभाऊंची चहाची गाडी आहे. ते एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात चहा असा काही उंचावरून ओततात, की नवीन माणूस दोन पावलं मागे सरतो. एकदा नवा फोन आला, तेव्हा त्याचं स्लो मोशन बघायला इम्राननं त्यांच्या चहाचा व्हिडिओ काढला आणि गाडीवरच त्यांना दाखवला.

रघूभाऊंनी हात पुसून फोन घेतला. चहाची धार वरून निघत होती, मध्येच दोरीसारखी पीळ घेत होती, खाली येताना तिचे मणी सुटत होते आणि शेवटचा मणी पातेल्यात पडला की चहाचाच एक छोटासा मुकुट वर उठत होता. त्यांनी तो व्हिडिओ चार-पाच वेळा बघितला. मागे गिऱ्हाइकं उभी. रघूभाऊ स्वतःच्याच हाताकडे बघायला लागले. "हे मी करतो?"

इम्रान म्हणाला, रोजच करता की.

त्यानंतरचा आठवडाभर रघूभाऊ ओतताना धारेकडे टक लावून बघायचे, आणि निम्मा चहा पातेल्यात तर निम्मा रस्त्यावर जायचा. शेठनी शेवटी इम्रानला दम दिला, की ह्यापुढे समोरच्या माणसाला त्याची कला दाखवायची नाही.

*

दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की दोन इमारतींच्या फटीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. झूम दाखवायला मला तो फार उपयोगी पडतो.

मनमाडहून एक काका जावयाबरोबर आले होते. रेल्वेतून रिटायर झालेले. फोन जावयाला घ्यायचा होता. त्याची खरेदी चालली होती तोवर काकांना करमावं म्हणून मी डेमोचा फोन घेऊन त्यांना पायरीवर आणलं. फोन खांबाला टेकवून धरला आणि झूम वाढवत नेला. आधी डोंगर, मग झाडी, मग चढणीच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर माणसं. थोडी धूसर, पण माणसंच. काका म्हणाले, अरेच्चा. आणि त्यांनी फोन स्वतःच धरला.

पायऱ्यांच्या मधोमध लाल साडीतली एक बाई खाली मान घालून बसली होती. लोक तिच्या बाजूनं वर जात होते. काकांनी विचारलं, ही अशी का बसली असेल? मी म्हटलं, दमली असेल. काकांनी मान हलवली, पण डोळा काही काढला नाही. जावई पैसे भरून बाहेर आला आणि चला म्हणाला.

"थांबा," काका म्हणाले. "ती बाई अजून बसलीये."

मग जावयानंही बघितलं. मग इम्रान आला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आली. शेवटी शेठसुद्धा. आम्ही सगळे आळीपाळीनं फोनमध्ये डोकावून त्या अनोळखी बाईची काळजी करत उभे. कुणी म्हणालं, कुणाला तरी कळवायला हवं. पण कुणाला, आणि काय म्हणून? तेवढ्यात वरून पांढऱ्या शर्टातला एक माणूस खाली आला, तिच्या शेजारी बसला आणि त्यानं तिला काहीतरी दिलं, बहुतेक पाणी. जरा वेळानं ती उठली. आम्हाला वाटलं, आता खाली येईल. ती वर चढायला लागली.

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्कूटरवर मागे जाऊन बसले. जावयानं किक मारली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता पोचली असेल वर."

आम्ही सगळ्यांनी डोंगराकडे बघितलं. नुसत्या डोळ्यांना तिथं कुणीही दिसत नव्हतं.

*

हा छोटासाच आहे. आमच्या गल्लीतले सलूनवाले अण्णा सेल्फी काढून बघत होते. फोटो बघून म्हणाले, हा मी नाही. भांग उलट्या बाजूला आहे. मी सांगितलं, अण्णा, आरशात आपण उलटे दिसतो. लोकांना तुम्ही दिसता ते ह्या फोटोतल्यासारखे. त्यांनी फोन बाजूला ठेवला, भिंतीवरच्या आरशात बघितलं, पुन्हा फोनमध्ये बघितलं.

मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांचं तोंड उलटंच दाखवतोय."

*

सटाण्याकडच्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. नात इथं नर्सिंग करते. फोनशी बोलता येतं आणि तो बोलून उत्तर देतो, हे नातीनं आजीला दाखवलं. आतून बाईचा आवाज आला तशा आजी सावरून बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. नात म्हणाली, आजी, विचार ना काहीतरी. आजींना प्रश्न पडला, अनोळखी बाईला एकदम काय विचारायचं? मग कुणाच्याही घरी गेल्यावर जे विचारतात तेच त्यांनी अहिराणीत विचारलं, जेवलीस का गं बाई.

"जेवनी का व माय?"

फोनला अहिराणी कितपत कळली कोण जाणे, पण जेवण कळलं. आतून उत्तर आलं, की मला जेवणाची गरज नसते, पण विचारल्याबद्दल धन्यवाद, तुम्ही जेवलात का? आजी चकित झाल्या. कोण कुठली बाई, उलट आपल्यालाच विचारते! त्यांनी तिला सगळं नीट सांगितलं, सकाळी एसटीत बसायच्या आधी भाकरी खाल्ली, आता नातीच्या रूमवर जाऊन खिचडी करणार. मग फोन हलकेच काउंटरवर ठेवला आणि मला जवळ बोलावलं. आतल्या बाईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

"उपाशी ठेवतस का तिले?"

*

एका मावशींना त्यांचा मुलगा फोन घेऊन देत होता. मुलगा ड्रायव्हर. मावशींचा जन्म बांधकामावर विटा उचलण्यात आणि नंतर लोकांची भांडी घासण्यात गेलेला. इम्रान त्यांचा अंगठा फोनमध्ये बसवत होता. फोन म्हणे, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. इम्राननं स्क्रीन पुसला, मावशींनी अंगठा पदराला पुसला. तरी तेच.

मावशींना त्याचं काही नवल वाटलं नाही. शांतपणे म्हणाल्या, नाही लागायचा. माझा अंगठा कुठंच लागत नाही. रेषाच राहिल्या नाहीत, रेशनला गेलं तरी मागची माणसं वैतागतात. मुलगा जरा खजील झाला. म्हणाला, राहू द्या, नंबरच टाकून देऊ. पण नंबर मावशींच्या लक्षात राहायचा नाही.

इम्रान म्हणाला, मावशी, अंगठा सोडा, तोंड दाखवा. त्यांना मान इकडे-तिकडे वळवायला सांगितली. मग फोन बंद करून त्यांच्यासमोर धरला. फोन उघडला.

मावशींनी विचारलं, मी काय केलं? इम्रान म्हणाला, काही नाही, त्यानं तुम्हाला ओळखलं.

त्यांनी पुन्हा करायला लावलं. उघडला. पदर डोक्यावर घेऊन बघितलं. उघडला. चष्मा लावून बघितलं. उघडला. मग त्यांनी तो मुलाच्या तोंडासमोर धरला. नाही उघडला. माझ्यासमोर धरला. नाही. इम्रानसमोर धरला, नाही. गल्ल्यावरून वाकून शेठच्या तोंडासमोर धरला. शेठनी हसून बघितलं, पण नाही. दुकानातल्या एकूण एक माणसाला त्यांनी तो दाखवला आणि फोन सगळ्यांना नाही म्हणाला. मग त्यांनी तो आपल्याकडे वळवला. उघडला.

"मलाच," मावशी म्हणाल्या.

*

ही शेवटची गोष्ट ह्या उन्हाळ्यातली.

निफाडकडचं एक जोडपं आलं होतं. दोघंही साठीच्या आसपासची. काकूंना ऐकू येत नव्हतं. धाकटी मुलगी झाली तेव्हा मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले, असं त्यांनीच सांगितलं. बोलायच्या त्या स्वच्छ, फक्त जरा चढ्या आवाजात. काका अबोल. दाराजवळ पिशवी धरून उभे होते. काकूंना काही सांगायचं असलं की हातानं सांगायचे, आणि ते इतक्या सफाईनं, की बघत राहावं.

मी त्यांच्याशी खुणांनी बोलायला लागले तर त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही ताण घेऊ नका. कामाचं मला सगळं कळतं. पाहुणे आलेत, गॅस संपला, औषध घे, हे सगळं यांच्या हातावरून कळतं. काही अडत नाही.

इम्राननं दुरुस्तीच्या टेबलावरून हे ऐकलं. तो उठून आला, डेमोच्या फोनवर काहीतरी सुरू केलं आणि फोन काकूंसमोर ठेवून म्हणाला, नमस्कार काकू, बसा ना. स्क्रीनवर अक्षरं उमटली: नमस्कार काकू बसा ना.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं, इम्रानच्या तोंडाकडे बघितलं. मला म्हणाल्या, यानं आधीच लिहून ठेवलं होतं का? मी नाही म्हटलं, आणि माझं नाहीसुद्धा खाली उमटलं.

त्यांनी फोन उचलला आणि दुकानात फिरायला लागल्या. दोन मुली कव्हर निवडत होत्या, त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. एक म्हणत होती, निळं घे, तिला निळं आवडत नाही म्हणून तर घे. काकू मोठ्यानं हसल्या. मुली दचकल्या. मग काकू गल्ल्यापाशी गेल्या. शेठ घरच्यांशी फोनवर बोलत होते, हो, आणतो कोथिंबीर, हो, आठवण आहे. काकू शेठना म्हणाल्या, जुडी सोडून बघा, आतून पिवळी निघते हल्ली. शेठ तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

असं फिरत फिरत त्या दारापाशी पोचल्या. काकांच्या समोर उभ्या राहिल्या आणि फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

काका गोंधळले. सवयीनं त्यांचा हात वर आला. काकूंनी तो धरून खाली केला आणि म्हणाल्या, "हातानं नाही. बोला."

शेठनी गल्ल्यामागे चालू असलेला टीव्ही बंद केला. इम्राननं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. काकांनी घसा खाकरला. फोनकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मला तर वाटलं, आता हा माणूस रडणार.

मग ते बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "आज ऊन जरा जास्तच आहे, नाही?"

अक्षरं एकेक करून उमटली. काकूंनी वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांनीही मान वळवून रस्त्याकडे बघितलं.

"हो ना," त्या म्हणाल्या. "सकाळपासूनच."