नदीच्या अलीकडचं स्टेशन

"कोण म्हणतं?"

कुणी काहीही सांगितलं की काकांचा पहिला प्रश्न हाच. आज पाऊस नाही. कोण म्हणतं? मीटिंग दोन वाजता आहे. कोण म्हणतं? एकदा ऑफिसातल्या एका डच बाईने आनंदाने सांगितलं की तिच्या बहिणीला जुळं होणार आहे, तर सवयीने तेच तोंडातून गेलं, इंग्रजीत. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात." यांनी मान हलवली. म्हणजे डॉक्टरांचंही पुढे बघू.

आणि हात. कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी भिंतीपाशी जायचे आणि ताप बघतात तसा उलटा हात भिंतीला लावायचे. मग खिशातून पेपर नॅपकिन काढून तिथेच दाबून धरायचे आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचे. "हाताला गार लागलं की ओलं वाटतं," ते म्हणायचे. "कागदाला काही वाटत नाही. तो भिजतो किंवा भिजत नाही." बोगद्याच्या कामात ओल अशीच तपासतात म्हणे. पण आपण बोगद्यात नाही, नेदरलँड्समधल्या एका साध्या मीटिंग रूममध्ये आहोत, हे त्यांना सांगणार कोण?

त्यांच्या-माझ्या ऑफिसात बोगदे, धरणं, बंधारे यांच्या देखरेखीचं काम चालतं. जमिनीत पुरलेल्या यंत्रांकडून आकडे येतात, त्यांचे आलेख मी करते. सगळं ठीक असलं की स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसतो. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा हिरवा कुणी केला?"

"सॉफ्टवेअर करतं, सर."

"सॉफ्टवेअर कुणी केलं?"

"मी."

"मग तूच स्वतःला शाबासकी देते आहेस की." आणि मग, "सर म्हणू नकोस. इथे डायरेक्टरलाही कुणी सर म्हणत नाही. काका म्हण."

मला ते आवडलं नव्हतं. परदेशात कुणी आपणहून मराठीत बोलायला लागलं की मी आधी सावध होते. दोन मिनिटांत गाव येतं, चार मिनिटांत शाळा, आणि पाचव्या मिनिटाला "इंग्लिश मीडियम का? वाटलंच" येतं. तुमच्यापैकीही काहीजणींना हे ठाऊक असेल. पण काकांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. मला त्याचाही संशय आला.

आम्ही दोघंही रॉटरडॅमबाहेरच्या झूटरमेरला राहायचो. सकाळी ट्राम, मग मेट्रो, तीच थेट रॉटरडॅमच्या नदीखालून पलीकडे जाते. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं पहिलं स्टेशन आमच्या ऑफिसचं. मी रोज तिथे उतरायची. काका मात्र नदीच्या अलीकडच्या स्टेशनवर उतरायचे आणि पूल चालत ओलांडून यायचे. रोज. पावसात छत्री उलटी व्हायची, थंडीत नाक लाल व्हायचं, तरी ऑफिसात येऊन म्हणायचे, "काय मस्त हवा आहे."

आधी वाटलं, व्यायाम. मग कळलं की ते चीनमधल्या एका प्रचंड शहरात काही वर्षं होते. तिथे नदीखालून जाणाऱ्या मेट्रोच्या बोगद्याचं काम चाललं होतं, आणि बोगद्याच्या काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या सांध्यांतून पाणी येत नाही ना, हे बघायला एका युरोपियन कंपनीने त्यांना पाठवलं होतं. हे ऐकल्यावर मी जास्तच बारकाईने बघायला लागले. ज्या माणसाने एवढ्या मोठ्या नदीखालून गाडी नेली, तो इथल्या नदीखालून एक स्टेशन जात नाही?

त्या शहराचं नाव ते घेत नसत. "तिकडे" म्हणायचे. तिकडे असं नसतं. तिकडे डबा गरम मिळतो.

गणपतीत मंडळात कुजबुज ऐकली. एकजण म्हणाला, त्यांना तिकडून काढून टाकलं. दुसरा म्हणाला, त्यांना पुन्हा व्हिसाच मिळत नाही, काहीतरी भानगड आहे. मी प्रसादाची वाटी धरून उभी होते. विश्वास ठेवला नाही, पण विसरलेही नाही.

काकू मोकळ्या होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आल्या, दोन वर्षं घरात बसून कंटाळल्या आणि आता ऑर्डरप्रमाणे मोदक, पुरणपोळ्या करून देत होत्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा काका बाथरूमच्या छताला नॅपकिन लावून उभे होते.

"बघ," काकू म्हणाल्या. "मला बघायला आले होते तेव्हा हेच. पोहे तसेच राहिले आणि हे उठून भिंतीला हात लावून आले. माझी आत्या म्हणाली, मुलगी बघायला आले आणि भिंत बघून गेले."

"ओल होती," आतून आवाज आला.

"तरी होकार दिलात ना?"

"भिंतीला नाही दिला."

त्यांची एकुलती एक मुलगी तिकडेच होती. बापाबरोबर गेली, तिथेच शिकली, तिथेच शाळेत शिकवते, नवराही तिकडचाच. काका काम संपवून निघाल्यावर मेट्रो सुरू झाली. मुलीचं घर नदीच्या एका काठावर, शाळा दुसऱ्या. म्हणजे ती रोज दोन वेळा बापाच्या बोगद्यातून जायची. काकू दोनदा जाऊन आल्या होत्या. काका एकदाही नाही.

हे सगळं मला कळलं ते ट्राममध्ये. काका मुलीशी फोन कानाला न लावता समोर धरून बोलायचे, त्यामुळे अर्ध्या डब्याला ऐकू जायचं. मराठी कळणारी मी एकटीच, आणि मी खिडकीबाहेर बघायची.

"बसने जात जा ना गं. पुलावरून बस आहे."

"बाबा, बसला दीड तास लागतो. मला सातवा महिना आहे."

"म्हणूनच म्हणतो."

ती म्हणाली, "तुम्हाला त्या बोगद्याबद्दल काही माहीत असेल तर सरळ सांगा. उद्यापासून जाणार नाही. आणि माहीत नसेल तर मला रोज घाबरवू नका."

काकांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"बारशाला या," ती म्हणाली. "विमानतळावरून मेट्रोने, मी जाते तसे, नदीखालून. टॅक्सी करून पुलावरून आलात तर मी दार उघडणार नाही. खरंच सांगते."

फोन बंद झाला. काकांनी तो खिशात ठेवला आणि ट्रामच्या खिडकीच्या रबराला नुसताच हात लावला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: या माणसाला काहीतरी माहीत आहे. तिकडे एक बाई पोटात बाळ घेऊन रोज त्या नदीखालून जाते आहे, आणि हे सांगत नाहीत. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही. शाळेत वर्गात हातसुद्धा वर केला नाही कधी. पण त्या आठवड्यात मी त्यांच्या मागोमाग नदीच्या अलीकडे उतरले.

पुलावर वारा इतका होता की ओरडून बोलावं लागत होतं. ते एक बरं झालं, माझ्या आवाजातली थरथर लपली.

"काका, तिकडे काही चुकलं होतं का?"

ते थांबले. राग येईल असं वाटलं. खाली एक मालवाहू बोट जात होती, ती पुलाखालून पलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "हाच तर त्रास आहे."

मग चालता चालता सांगितलं. बोगदा पूर्ण झाल्यावर ते सांधे तपासत होते. नदीच्या बरोबर मध्ये एका सांध्याजवळ काँक्रीटवर एक काळसर डाग होता. कागद लावला. कोरडा. पुन्हा लावला. कोरडा. बरोबरच्या चिनी इंजिनिअरने लावला, त्याचाही कोरडा. त्याने सिगारेट देऊ केली, काकांनी सही केली, सगळे जेवायला गेले.

"मग?"

"मग काही नाही. वर आल्यावर बघितलं तर माझे हात घामाने ओले होते. आत उकडतं फार. म्हटलं, ओल्या हाताने धरलेला कागद. घामानेच तो दमट झाला असेल, आणि डागाची ओल त्यात वेगळी कळलीच नसेल तर?"

"पण त्यांनीही लावला होता ना कागद?"

"त्याचा हात मी कुठे बघितला?"

"नंतर कुणी तपासलं नाही?"

"दरवर्षी तपासतात. इतकी वर्षं रोज लाखो माणसं जातात. कोरडा आहे. मला कळतं गं." ते हसले, पण नीट जमलं नाही. "दुसऱ्या कुणाची सही असती तर मी केव्हाच त्या गाडीत बसलो असतो. आता इथल्याही नदीखालून जाववत नाही."

मराठीत सांत्वन करायचे शब्द मला येत नाहीत. घरी आम्ही ते काम इंग्रजीत उरकतो. मी विचारलं, "हे ताईला सांगितलंत?"

"काय सांगू? बापाच्या हाताला घाम आला होता?"

"हो. हेच सांगा."

त्यांनी सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. काकू मात्र बाळंतपणासाठी तिकडे गेल्या. वसंतात मुलगी झाली. फोटो काकांनी सगळ्या ऑफिसला दाखवला. कुणी म्हणालं, आजोबांसारखी दिसते. "कोण म्हणतं?" ते म्हणाले, पण त्या दिवशी त्यात दम नव्हता.

पुढच्या सोमवारी मेट्रोत ते शेजारी येऊन बसले. "आज मी उतरणार नाही," म्हणाले.

नदीच्या अलीकडचं स्टेशन आलं. दार उघडलं. काका उठून उभेच राहिले, बूट दाराकडे वळले. मी कुणाला हात लावत नाही, लोकांनी मला लावलेलाही चालत नाही. पण मी त्यांच्या जाकिटाची बाही धरली.

"काका, आपलं स्टेशन पुढचं आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

दार बंद झालं. गाडी खाली गेली, कानांत दडे बसले. काका छताकडे बघत उभे, दुसऱ्या हातात नॅपकिन. तेवढ्यात त्यांच्या बुटावर टपकन एक थेंब पडला. त्यांनी बूट बघितला. छत बघितलं. मग बुटावर नॅपकिन टेकवला, आणि तो भिजला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"छत्री," मी म्हणाले. शेजारच्या आजींची ओली छत्री आमच्यामध्ये लटकत होती.

"बघितली," ते म्हणाले. पण बाही सोडवून घेतली नाही.

तेवढ्यात स्टेशन आलंच. एवढंसं अंतर, पुलावरून चालायला त्यांना कितीतरी वेळ लागायचा. फलाटावर त्यांनी बाकाचा आधार घेतला आणि म्हणाले, "तिकडची नदी मोठी आहे." महिनाभर आम्ही रोज तसेच आलो. हळूहळू ते बसायला लागले. नॅपकिन मात्र हातात असायचा.

मग ते गेले. बारशाला म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. निवृत्तीला थोडेच महिने होते, ते त्यांनी रजेतच काढले. आता त्यांच्या जागेवर एक डच मुलगा बसतो. खणात राहिलेल्या नॅपकिनांना तो चष्मा पुसतो. माझा हिरवा ठिपका तो बघतो, अंगठा वर करतो आणि कॉफी आणायला जातो. हल्ली ठिपका हिरवा झाला की मीच खालचे आकडे उघडून बघते.

तिकडे आपले नेहमीचे मेसेज चालत नाहीत, म्हणून काकूंनी जाताना माझ्या फोनवर तिकडचं ॲप घालून घेतलं होतं. बारशाच्या दिवशी त्यावर काकूंनी एक फोटो पाठवला. मेट्रोचा डबा, गर्दी, आणि बाकावर काका. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेले. मांडीवर खाऊची पिशवी. दोन्ही हात उलटे पडलेले, तळवे वर, आणि दोन्ही रिकामे.

मी तो फोटो मोठा करून बघितला. खिडकीबाहेर नुसता काळोख होता. असा काळोख कुठल्याही बोगद्यात असतो. नदीच्या कितीतरी आधीही.

मी लिहिलं, "काका, हा नदीखालचाच आहे? कोण म्हणतं?"

बराच वेळ काही आलं नाही. तिकडे बारसं चाललं असणार. मी मेट्रोत होते. नदीच्या अलीकडचं स्टेशन आलं, दार उघडलं, बंद झालं. गाडी खाली जायला लागली तेव्हा उत्तर आलं.

"मी म्हणतो."