गल्लीतलं जॉगिंग

डॉक्टर माझ्याशी कन्नडमध्ये बोलत होते, पण औषध त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "जॉगिंग माड्री." म्हणजे जॉगिंग करा. साखर वाढली होती. मी गुमान बूट आणले.

आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत हा शब्द कधी कामाला आला नव्हता. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगायला बसलो. अर्धांगवायूनं एक बाजू गेल्यापासून ते खाटेवरच असतात. हळू पळायचं, असं मी म्हटलं. "त्याला दुडकी म्हणत्यात," ते म्हणाले, "पण ती घोड्याची. माणूस एक तर चालतंय, न्हाय तर पळतंय." शेजारचा मित्र उद्यमबागेत कारखान्यात मशीनवर असतो. त्याच्या मशीनला जॉग नावाचं बटण आहे, दाबून धरलं तेवढंच मशीन सरकतं. "तुझं बी बटण डॉक्टरनं दाबलंय बघ," तो म्हणाला. मुलीच्या डिक्शनरीत तर कोपरानं ढोसणं असाही अर्थ निघाला. एवढी विद्या गोळा करून मी पळायला निघालो, आणि गल्लीनं तिचा अर्थ लावला.

आमच्याकडं कुणी गेलं की गल्लीतले माग बंद होतात. सांगावं लागत नाही, एक थांबला की शेजारचा थांबतो. आणि मोठा माणूस गल्लीत उगाच पळत नाही. त्यात माझ्या घरी आजारी म्हातारा. मला पळताना बघून एकानं माग बंद केला, मग पुढच्यानं. मी कोपऱ्यावरून वळून परत येईपर्यंत गल्ली चिडीचूप. आमच्या दारात बायका जमलेल्या. समोरची आक्का डोळ्याला पदर लावून विचारत होती, "एनातरी?" म्हणजे काय झालं? आतून आप्पांचा आवाज आला, "कोण गेलं गं?"

"जॉगिंग," मी म्हणालो. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

माग पुन्हा सुरू झाले, पण गल्लीला नवा शब्द मिळाला होता. दूध आणायला झपाझप निघालो तरी कुणीतरी विचारणारच, "काय अण्णा, जॉगिंग?" मी हसायचो आणि आतून जळायचो. बूट मी कधीच माळ्यावर टाकले होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी आप्पांचा श्वास अडकायला लागला. ओळखीचा रिक्षावाला फोन उचलेना. मी तसाच अनवाणी रिक्षास्टँडकडं धावलो. मित्र दारात ब्रश करत उभा होता. "आज बिनबुटाचं जॉगिंग व्हय?" तो हसून म्हणाला. "आप्पांचं बघ जरा," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण ते बंद पडलेले माग आणि दारातल्या त्या बायका डोळ्यांसमोर आल्या. आप्पांना काही झालंच नाही तर पुन्हा हसं होईल, असं वाटलं. मी होकारार्थी मान डोलावली आणि पुढं पळालो.

रिक्षा आणली, पण आमचं दार अरुंद. मी, बायको आणि रिक्षावाला, तिघांना आप्पा पेलेनात. ते हातातून सुटले आणि त्यांचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. बायको हाका मारत होती, पण मागांच्या खडखडाटात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

रिक्षात आप्पा डोळे मिटून कानोसा घेत होते. "माग चालूच हाईत की रं," ते तुटक तुटक म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाईस?"

मी रिक्षावाल्याला म्हणालो, "जरा जोरात घे."

आप्पा वाचले. कपाळाला टाके पडले. संध्याकाळी मित्र गल्लीतल्या माणसांना घेऊन दवाखान्यात आला आणि आप्पांचे पाय धरून रडायला लागला. "चुकलं माझं, आप्पा. ह्यो जीव तोडून पळत हुता आणि मी चेष्टा केली."

मी मान डोलावली होती, हे त्यानं सांगितलं नाही. आप्पा माझ्याकडं बघत होते. सगळेच बघत होते.

मी पुढं झालो, मित्राच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे रं, हुतंय माणसाकडनं."